खडू हातात देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

सातारा

काका,

परवा रात्री साडेदहाला फोन आला. बामणोलीच्या अलीकडे, शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या एका वाडीत गाय अडली होती. वासराचं तोंड आणि एक पाय बाहेर, दुसरा पाय आत मुडपलेला. यवतेश्वरचा घाट चढताना पाऊस धो धो कोसळत होता आणि कासच्या पठारावर तर बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. हे दर पावसाळ्यातलंच. पण डांबर संपून वाडीकडे उतरणारी ती लाल मातीची वाट आली, मी फोर बाय फोर लो, म्हणजे चारही चाकं ओढणारा सावकाश गिअर टाकला, पहिल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली. नुसती वळली, काका. खाली सपाटीला पोचल्यावर मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. डोळे भरून आले होते. गोठ्यातून हाका येत होत्या म्हणून उठले, नाहीतर तिथूनच तुम्हाला फोन केला असता.

फोनवर तुम्ही मला बोलूच दिलं नसतं, "बरं बरं, ठेवा" म्हणाला असता. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात याच उतारावर, याच वळणावर माझी जिप्सी वळली नव्हती. चाकं वळलेली, गाडी मात्र सरळ बांधाकडे. आंब्याचं एक झाड मध्ये आलं म्हणून आज मी आहे. मागे रेतनाच्या कांड्या ठेवायची द्रव नायट्रोजनची टाकी होती, उणे १९६ अंशांची. ती कलंडली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

त्याआधी तीन महिन्यांपूर्वी मागचा डिफ (डिफरन्शियल, चाकांना फिरवणारा मागच्या आसातला गिअरचा डबा) घोंघावत होता म्हणून मी गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये दिली होती. त्यांनी जुन्या बाजारातून दुसरा डिफ आणून बसवला. मी विचारलं होतं, "रेशो तोच आहे ना?" तिथला माणूस माझ्याकडे न बघता हसला. "मॅडम, सेम टू सेम आहे. तुम्ही तुमची इंजेक्शनं बघा." आजूबाजूची पोरंही हसली. मी पैसे देऊन निघून आले.

मग सुरू झालं ते वर्षभर चाललं. साध्या टू व्हीलमध्ये गाडी उत्तम. फोर बाय फोर टाकून कोरड्या, टणक रस्त्यावर आलं की स्टिअरिंग जड व्हायचं, ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा, हात लावू देत नाही इतका तापायचा, जळक्या ऑइलचा वास यायचा आणि लिव्हर अडकून बसायचा. गाडी दोन हात मागे घेतली की मग कुठे सुटायचा. एकाने ट्रान्सफर केसची बेअरिंगं बदलली. दुसऱ्याने क्लच प्लेट बदलली, तिचा यात काय दोष होता ते देव जाणे. तिसऱ्याने काहीच केलं नाही, फक्त सांगितलं की लेडीज ड्रायव्हरचा हात जड असतो, घरातल्या कुणाला तरी पाठवा. चाळीस हजारांच्या वर गेले. पैशाचं मी विसरेन. बारा वर्षं परळी खोऱ्यापासून चाळकेवाडीपर्यंत रात्री-अपरात्री जी गाडी मी एकटीने चालवली, तीच मला चालवता येत नाही असं मला वाटायला लागलं होतं. त्यांनी माझ्याकडून हे घेतलं, आणि ते मात्र मी विसरणार नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलंत, "ताई, गाडी घेऊन कुठं कुठं जाता?" मला प्रश्नच कळला नाही, कारण तोवर तो कुणी विचारलाच नव्हता. मी सांगत गेले. ठोसेघर, बामणोली, मेढ्याच्या वरच्या वाड्या. महिन्यातून एकदा पुणे. मागे औषधांची पेटी, नायट्रोजनची टाकी, कधी एखादं आजारी वासरू. तुम्ही चहा मागवलात आणि सगळं ऐकलंत. मग टायरकडे बघून म्हणालात, "ही उंच टायरं तुम्ही घातली?" नाही, आधीच्या मालकाने २०५/७० काढून २३५/७५ घातली होती. तुम्ही मान हलवलीत आणि पोराला जॅक लावायला सांगितलंत.

आणि मग खिशातून खडू काढून माझ्या हातात दिलात.

"ताई, प्रोपेलरवर एक रेघ मारा, खाली बॉडीवर एक मारा. हा पोरगा चाक फिरवंल. तुम्ही मोजा." प्रोपेलर म्हणजे ट्रान्सफर केसमधून डिफकडे जाणारा फिरता दांडा.

तुमच्या गॅरेजात तेव्हा चार माणसं होती, काका. कुणीही मोजलं असतं. तुम्ही स्वतः तर न मोजताही सांगितलं असतं, हे मला आता माहीत आहे. पण तुम्ही मला पोतं अंथरून दिलंत आणि मी गाडीखाली आडवी झाले. एक चाक जमिनीवर आणि एक उचललेलं, म्हणजे उचललेलं चाक दोनदा फिरलं की डिफच्या आतला क्राउन, म्हणजे मोठा गिअर, एकदा फिरतो, हे तुम्ही मला समजेल असं सांगितलंत. पोराने चाक वीस वेळा फिरवलं. मागचा प्रोपेलर सदतीस वेळा फिरला आणि वर थोडा. मग पुढचं चाक. एक्केचाळीस आणि वर थोडा. मी म्हटलं, "चुकलं वाटतं माझं." तुम्ही "चुकलं" म्हणाला नाहीत आणि "बरोबर" पण म्हणाला नाहीत. म्हणालात, "मग परत मोजा." परत तेच आलं. मी गाडीखालूनच ओरडले, "काका, पुढचा आणि मागचा वेगळाय!"

तुम्ही हसलात. त्या गॅरेजमधलं हसणं मला आठवलं आणि हे हसणं किती वेगळं होतं तेही जाणवलं.

पुढे ४.११, मागे ३.७३. म्हणजे पुढचं चाक एकदा फिरायला प्रोपेलरला चारपेक्षा जास्त फेरे लागतात, मागच्या चाकाला पावणेचारच पुरतात. दोघांना फिरवणारा ट्रान्सफर केस एकच. म्हणजे मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के भरभर पळायला बघणार. तुम्ही म्हणालात, "नांगराला दोन जोड्या लावल्या, पुढची सावकाश चालती आणि मागची तिच्या पायात शिरती, असं झालंय." चिखलात चाकं घसरून हा फरक सोसला जातो, कोरड्यावर तो सगळा ट्रान्सफर केसच्या पोटात साठतो. आणि ओल्या उतारावर, इंजिनाने गाडी धरलेली असताना, मागची ढकलत राहतात, पुढची फरपटतात. फरपटणारं चाक वळवलं तरी गाडी वळत नाही. आंब्याचं ते झाड माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझा हात जड नव्हता, काका.

त्यानंतर तुम्ही जे केलंत तेही कमी नव्हतं. दोन्ही डिफ समान करायचे म्हटल्यावर दोन्हीकडे ३.७३ करायचे की ४.११, हा प्रश्न होता. मला एका दुकानदाराने ५.१२ चा सेट मागवून देतो म्हणून सांगितलं होतं, "डोंगरात रणगाडा होईल गाडी." तुम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून दाखवलात. ५.१२ घातला तर त्याच वेगाला इंजिन ४.११ पेक्षा पावपटीने जास्त फिरणार. माझं ९७० सीसीचं इंजिन पुण्याच्या रस्त्यावर जीव तोडून ओरडत राहील आणि पेट्रोल पिईल. शिवाय आकडा मोठा करायचा म्हणजे बहुतेक वेळा पिनियनचे, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या लहान गिअरचे, दात कमी होतात, पिनियन लहान होतो, आणि दगडात चाक अडकून झटका बसला की आधी तोच जातो. ३.७३ ठेवला तर हायवेला बरं, पण यवतेश्वर उतरताना इंजिन गाडीला कमी धरणार, जास्त भार ब्रेकवर. "तुमचा जीव चढावर नाही, उतारावर हाय," असं तुम्ही म्हणालात, आणि दोन्हीकडे ४.११ ठरलं. बारा वर्षांत मला माझ्या रस्त्याबद्दल इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

आणि टायर. २०५/७० चं टायर ६७ सेंटिमीटर उंच, २३५/७५ चं ७३. जवळजवळ दहा टक्के. म्हणजे ४.११ गिअर जे देतो ते उंच टायर परत काढून घेतं, गाडी पुन्हा ३.७३ सारखीच चालते. मी ती टायरं रुबाबाची म्हणून मिरवत होते. तुम्ही २१५/७५ सुचवलीत, मी घातली. पोट दगडाला दोन वेळा घासलं असेल, पण गाडी उतारावर बैलासारखी पाय रोवून उतरते.

पण मला सारखं आठवतं ते त्याच संध्याकाळचं. तुमच्याकडे कुणीतरी गाडी दाखवायला आलं होतं, त्याने माझ्या जिप्सीकडे बघून विचारलं, "हिचं काय झालेलं?" तुम्ही हात पुसत म्हणालात, "ह्या ताईंना विचारा. त्यांनीच शोधलंय."

काका, तो माणूस खरंच माझ्याकडे वळला आणि मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज थोडा कापत होता. तुम्ही तिथे थांबला नाहीत, आत निघून गेलात. मोजण्याचे पैसे विचारले तर "मोजलं तुम्ही, पैसे मला कशाचे" म्हणालात.

मी रोज गोठ्यात जाते. तिथे बाईमाणूस सांगत असते की जनावर कालपासून रवंथ करत नाही, आणि तिला बाजूला सारून घरातला पुरुष मला वेगळंच सांगत असतो. बाईचं बहुतेक वेळा बरोबर असतं, कारण शेण तीच काढते. हे मला माहीत असूनही घाईत मी कितीदा तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं असेल. परवा रात्री नाही तोडलं. मावशी म्हणाल्या, "दुपारपासनं कळा देतिया, पण डावीकडं कलून बसती." मी त्यांनाच कंदील धरायला सांगितला आणि त्यांच्याकडूनच सगळं ऐकून मग हात घातला. डावाच पाय मुडपला होता. तो सरळ करायला पाऊण तास लागला. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका.

ज्या गॅरेजवाल्याने "सेम टू सेम" म्हटलं होतं त्याला मी काही बोलायला जाणार नाही. त्याच्याकडेही खडू असेलच. प्रोपेलरवरची रेघ मी पुसली नव्हती, पावसानेच ती परवा धुऊन नेली.

मावशींनी आज सकाळी चीक पाठवलाय. कालवडीचं पोट भरल्यावर उरलेला, ते मी आधी विचारून घेतलं. त्याचा खरवस करतेय, वेलची आणि गूळ घालून. रविवारी सकाळी दहापर्यंत घेऊन येते. तेवढा वेळ गॅरेज उघडं ठेवा, आणि त्या चाक फिरवणाऱ्या पोरालाही थांबवून घ्या.

तुमची,
जिप्सीवाली ताई