ऑफसेटचा हिशेब कंपनीनिहाय जाहीर करा

महोदय,

संरक्षण खरेदीवर वाद होतो तो विमानांच्या आणि तोफांच्या किमतीवरून. त्याच करारांतल्या ऑफसेटचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. मोठं कंत्राट मिळालेल्या परदेशी कंपनीने किमतीच्या निदान ३० टक्के रकमेचं काम भारतीय उद्योगाला द्यायचं, हे बंधन म्हणजे ऑफसेट. राफेलमध्ये ते ५० टक्के होतं.

कॅगने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडलेला अहवाल पाहावा. २००५ ते मार्च २०१८ या काळात ६६,४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता व्हायला हवी होती. कंपन्यांनी दावे केले ११,३९६ कोटींचे आणि मंत्रालयाने मान्य केले ५,४५७ कोटींचे. म्हणजे देय रकमेपैकी जेमतेम २८ टक्के. परदेशी कंपनीने भारतीय उद्योगाला उच्च तंत्रज्ञान दिल्याचं एकही उदाहरण कॅगला सापडलं नाही.

दावे अडकतात ते तपशिलात. २०१२ च्या नियमांनुसार श्रेय, म्हणजे पूर्ततेत धरली जाणारी रक्कम, मिळतं ते फक्त भारतात झालेल्या मूल्यवर्धनाचं. शंभर रुपयांच्या वायर हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) साठ रुपयांचे कनेक्टर आयात केलेले असतील, तर चाळीसच धरायचे. खरेदी आदेश, बीजक आणि पैसे पोचल्याचा पुरावा एकमेकांशी जुळायला हवा. शिवाय गुणक आहेत: लघुउद्योगाकडून घेतलं तर दीडपट श्रेय. त्यामुळे कागदावर १५० कोटींची पूर्तता दिसली तरी भोसरीच्या किंवा अंबडच्या कारखानदारांच्या हाती प्रत्यक्षात १०० कोटीच आलेले असू शकतात. जाहीर आकड्यांत हा फरक दिसलाच पाहिजे.

दंडाचा धाकही अपुरा आहे. त्या त्या वर्षी राहिलेल्या रकमेच्या ५ टक्के दंड, आणि मुख्य करार चालू असेपर्यंत त्यावर एकूण ऑफसेट रकमेच्या २० टक्क्यांची कमाल मर्यादा. कंत्राट मिळवण्यापुरती आश्वासनं दिली जातात, असं कॅगनेच नोंदवलं आहे. ऑफसेटचा खर्च विक्रेता किमतीतच धरतो, म्हणजे न झालेल्या कामाचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. हे मला सर्वांत जास्त खटकतं.

अहवालानंतर पाचच दिवसांनी आलेल्या नव्या खरेदी नियमावलीने दोन सरकारांमधल्या आणि एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीतून ऑफसेट काढून टाकलं. पण जुने करार त्याने संपत नाहीत. उरलेले सुमारे ५५,००० कोटी २०२४ पर्यंत पूर्ण व्हायचे होते आणि ती मुदत उलटली आहे. यात क्षेपणास्त्राचा पल्ला किंवा रडारची क्षमता उघड होण्याचा प्रश्न नाही. कंपनीचं नाव, त्या वर्षी देय रक्कम, दावा, गुणकाआधी आणि गुणकानंतर मान्य झालेली रक्कम, भारतीय भागीदार, वसूल झालेला दंड: एवढ्या रकान्यांचा तक्ता संरक्षण मंत्रालयाने दरवर्षी संकेतस्थळावर टाकावा. संरक्षणविषयक स्थायी समितीतल्या महाराष्ट्रातील खासदारांनी अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चेआधी तो मागून घ्यावा.

— एक वाचक, पुणे