ताई, लायब्ररीचा सर्व्हर परत उभा करून दिलात त्याबद्दल

ताई नमस्कार,

फोनवर तीनचारदा थँक्यू म्हणालो पण तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून बसून सगळं लिहून काढतोय, आणि उघडपणे लिहितोय कारण कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत हे उद्या कुणावरही येऊ शकतं.

मंगळवारी दुपारी कॉलेजात नवीन इंटरनेट आलं. नवा राउटर लागला, नेट मस्त फास्ट, ऑफिसवाले खूश, आणि इकडे आमच्या काउंटरवर कोहा उघडेना. जुना राउटर 192.168.1 ने सुरू होणारे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, देणारा, नवा 192.168.0 वाला. काउंटरच्या पीसींनी आपापले नवे आयपी घेतले, पण आमचे दोन सर्व्हर, एक डेटाबेसचा आणि एक कोहाचा, त्यांना आयपी हाताने फिक्स दिलेले, ते जुन्याच रेंजमध्ये बसून राहिले. राउटरलाच जुनी रेंज द्या म्हटलं तर तोवर सीसीटीव्ही, बायोमेट्रिक सगळं नव्यावर गेलेलं. मग लॅबमधल्या मित्राने दोन्ही सर्व्हरचे आयपी बदलले, एकाचं होस्टनेम म्हणजे मशीनचं नावही बदललं, पिंग लागायला लागलं, म्हणजे मशीन नेटवर्कवर दिसायला लागल्या, आणि तरी कोहा बंदच. दुसऱ्या दिवशी सकाळी टीवायच्या पोरांचे नो ड्यूज सुरू होणार होते.

तुमचा नंबर एका ओळखीच्या ग्रंथपालांनी दिला. रात्री साडेआठची वेळ, आपली ओळख ना पाळख, मागे तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती, मी म्हटलं नंतर करू का, तर तुम्ही म्हणालात, "नको, बोला. स्क्रीनवर काय आलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा."

ताई, हे वाक्य मी विसरणार नाही. तोपर्यंत मी ज्याला ज्याला विचारलं त्याला "चालत नाहीये" एवढंच सांगत होतो आणि समोरूनही "रीस्टार्ट करून बघा" एवढंच यायचं. तुम्ही मला मारियाडीबीचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, लॉग उघडायला लावलात आणि मी एकेक अक्षर वाचलं, "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस". तुम्ही लगेच म्हणालात, बाइंड ॲड्रेस बघा. बघितलं तर तिथे 192.168.1.10, म्हणजे जो आयपी आता त्या मशीनकडे नाहीच त्याच आयपीवर डेटाबेस उभा राहायला बघत होता. एक आकडा बदलला, सर्व्हिस सुरू झाली. मला वाटलं झालं काम.

तुम्ही म्हणालात, थांबा, जुना आयपी अजून कुठेकुठे असेल. आधी सेटिंग्जच्या फाइली असतात त्या पूर्ण ईटीसी फोल्डरची कॉपी करून ठेवायला लावलीत, मग ग्रेप करायला, म्हणजे सगळ्या फाइलींत जुना आयपी शोधायला सांगितलंत, तेही डॅश कॅपिटल एफ लावून, कारण नुसत्या ग्रेपला टिंब म्हणजे कुठलंही अक्षर चालतं. स्क्रीनवर ओळींमागून ओळी आल्या. कोहाच्या एक्सएमएल फाइलमध्ये डेटाबेसचा जुना आयपी, मशीनची नावं आणि आयपी लिहिलेल्या होस्ट्स फाइलमध्ये जुना, रात्रीचा बॅकअप आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये जुना. तो बॅकअपवाला राहिला असता तर आम्हाला कधी कळलं असतं, विचार करूनच पोटात गोळा येतो. होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं जुनं नावही तसंच होतं, म्हणून दर वेळी सुडो केलं, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड दिली, की "अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट" यायचं, तेही तिथेच सुटलं.

तरी कोहा चालेना. यावेळी मी न सांगता वाचून दाखवलं, एरर 1130, या होस्टला कनेक्ट व्हायची परवानगी नाही. तुम्ही समजावलंत की डेटाबेसमध्ये युजर नुसत्या नावाने नसतो, नाव आणि तो कुठून येतो असं मिळून असतो, आणि ही नोंद डेटाबेसच्या आत असते म्हणून ग्रेपला दिसत नाही. मी नवीन युजर बनवायला निघालो होतो, तुम्ही अडवलंत, रीनेम युजर करा म्हणालात, म्हणजे पासवर्ड, परवानग्या सगळं तसंच सोबत येतं. एंटर मारलं, पान रिफ्रेश केलं, लॉगिन आलं. मला खरंच बोलता येईना.

आणि तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत. विचारलंत, आयपी नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगच्या, फाइलमध्ये बदललाय की नुसती कमांड दिलीय? डेटाबेसच्या मशीनवर फाइलमध्ये होता पण कोहाच्या मशीनवर नुसती कमांड, म्हणजे लाइट गेली की परत सगळं पहिल्यापासून. तिथेही फाइलमध्ये लिहून "नेटप्लॅन ट्राय" ही कमांड द्यायला लावलीत, काही चुकलं तर 120 सेकंदांत आपोआप जुनं परत येतं. दोन्ही मशीन रीबूट करून बघितल्या, पावणेअकरा वाजले होते. तुमचं जेवण झालं होतं की नाही हेही मी विचारलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

सकाळी रांग लागली आणि नो ड्यूज निघाले. पोरांना यातलं काहीच माहीत नाही.

शुक्रवारी तुमचा स्वतःहून फोन आला, ओपॅक बेस यूआरएल, म्हणजे पोरांच्या कॅटलॉगच्या पानाचा पत्ता, बघितलात का? बघितलं तर तिथे जुनाच पत्ता! पासवर्ड विसरलेल्या पोरांना मेलमध्ये बंद पडलेली लिंक गेली असती. तीन दिवसांनी, स्वतःचं कॉलेज सांभाळून, कुणाच्या तरी सर्व्हरची अशी आठवण ठेवणं म्हणजे काय असतं ते मला त्या फोनने कळलं. कोहा हा माओरी भाषेतला शब्द, अर्थ भेट, आणि हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआतल्या लायब्ररीसाठी बनलं आणि 2000 साली सुरू झालं, हेही त्याच फोनवर तुम्हीच सांगितलंत. मी इतकी वर्षं ते नाव रोज वाचत होतो.

एक्सएमएलमध्ये आता आकड्याऐवजी मशीनचं नाव टाकलंय तुम्ही सांगितलंत तसं. आणि एक वही केलीय, पत्ता कुठेकुठे लिहिलाय ते सगळं त्यात, फाइल कुठली, ओळ कुठली, कोणती गोष्ट डेटाबेसच्या आत, बदलल्यावर काय रीस्टार्ट करायचं. काउंटरच्या कपाटात ठेवलीय, माझ्या जागी उद्या कुणी आलं तरी सापडेल. तिच्या दोन्ही पानांचे फोटो तुम्हाला पाठवतोय, काही राहिलं असेल तर सांगा, आणि यावेळी जेवण झाल्यावर फोन करा.

तुमचा,
काउंटरवरचा भाऊ