गेममधली कुऱ्हाड आणि शाळेतलं वस्तुचित्र

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत गेम डेव्हलपमेंटवर लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, पण दरवेळी कोडिंग, महागडा कॉम्प्युटर आणि कुठला तरी कोर्स एवढ्यावरच गाडी थांबते, चित्रकलेचं नाव कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

मी सध्या फॅन्टसी गेममधल्या शस्त्रांचं टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं रंगीत चित्र, हाताने रंगवायला शिकतोय. तलवार, कुऱ्हाड, गदा यांचं थ्रीडी मॉडेल लो-पॉली असतं, काहीशे त्रिकोणांत उरकलेलं, आणि धार, खाचा, चामडं, गंज हे सगळं त्यावर ब्रशने आणायचं. 2004 चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ज्यांनी खेळलाय त्यांना ही स्टाइल लगेच आठवेल. तेव्हाच्या मशीनना जास्त पॉलिगॉन (म्हणजे हेच त्रिकोण) झेपत नव्हते, आता झेपतात, तरी ही स्टाइल टिकली कारण ती जुनी दिसत नाही, असं माझं मत.

कुऱ्हाडीचंच घ्या. आधी मॉडेल उलगडून सपाट करायचं, त्याला यूव्ही म्हणतात. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या म्हणून एकावर एक ठेवल्या की एकदाच रंगवावं लागतं आणि जागा वाचते (फक्त अक्षरं काढली तर पलीकडे उलटी दिसतात), आणि जागा वाचवावीच लागते कारण कॅनव्हास बऱ्याचदा 256 बाय 256 नाहीतर 512 पिक्सेलचा. मग उजेड वरून येतोय असं धरून आधी नुसतं काळं-पांढरं. लोखंड म्हणून सरसकट राखाडी फासलं की पातं प्लास्टिकचं वाटतं, सावलीत निळी-जांभळी झाक हवी, उजेडाकडे किंचित पिवळसर, धारेला एकदम फिकट पट्टा. खाच हवी असेल तर एक गडद रेघ आणि तिच्या खालच्या कडेला चिकटून उजळ रेघ, बस्स, खोली दिसायला लागते! ओरखडे मात्र जिथे घाव बसतो तिथेच, सगळीकडे मारले तर लांबून नुसता कचरा दिसतो.

आता सांगा, हे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं वस्तुचित्रच नाही का? तांब्यावर उजेड कुठे, सावली कुठे, कड कुठे हरवते, हे आपली मुलं शाळेतच शिकतात, आणि नंतर घरचेच म्हणतात चित्रं काढून पोट भरणार का. मी ज्या क्लासला जात होतो तिथे सॉफ्टवेअरची बटणं सगळी शिकवली, पात्यावर उजेड कसा पडतो हे कुणी सांगितलंच नाही. ते मला कळलं पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं बघताना.

खर्चाचंही तसंच. मॉडेलसाठी ब्लेंडर आणि रंगवायला क्रिटा, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एवढ्या लहान मॉडेलला साधा कॉम्प्युटर चालतो, एखादा साधा पेन टॅब्लेट घेतला की झालं.

तर विनंती अशी, की पुढच्या लेखासाठी क्लासवाल्यांबरोबरच, टेक्स्चर रंगवून पोट भरणाऱ्या एखाद्या आर्टिस्टशी आणि एखाद्या कलाशिक्षकाशीही बोला. काम किती मिळतं, सुरुवातीला पैसे किती, पोर्टफोलिओत काय ठेवायचं हे खरं खरं छापा, चांगलं असो की वाईट.

आपला,
एक वाचक, सांगली