यंत्राला विचार किती करू द्यायचा, हे कंत्राटातच लिहा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. पोलिसांच्या कामात एआय वापरण्यासाठी २०२४ मध्ये स्थापन झालेली ‘मार्व्हल’ ही सरकारी कंपनी तर आपल्या नागपुरातूनच चालते. अशा उपक्रमांची चर्चा निघाली की मॉडेल, म्हणजे प्रश्नांची उत्तरे देणारी एआय प्रणाली, कोणत्या कंपनीचे, माहिती कोठे साठवणार, खर्च किती, हे विचारले जाते आणि ते योग्यच आहे. उत्तर देण्यापूर्वी त्या मॉडेलला किती विचार करू देणार आणि ते कोण ठरवणार, याची विचारणा मात्र सहसा होत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ओ१ या मॉडेलची पहिली आवृत्ती आणली, तेव्हापासून ‘विचार करणारी’ म्हणवली जाणारी मॉडेल्स सर्रास वापरात आली आहेत. विद्यार्थी कच्चे काम करून मग उत्तर लिहितो, तसे हे मॉडेल आधी स्वतःपुरता मजकूर तयार करते, त्यात पायऱ्या मांडते, चूक जाणवल्यास मागे येते आणि त्यानंतर उत्तर देते. हा मजकूर टोकन म्हणजे शब्दांचे लहान तुकडे एकामागून एक जोडत तयार होतो, त्यामुळे कच्चे काम लांबले की वेळही वाढतो आणि बिलही. कारण ते काम ग्राहकाला पूर्ण दाखवले नाही तरी त्याची आकारणी होतेच.

साहजिकच त्यावर मर्यादा घालण्याच्या सोयी आल्या. ओपनएआयच्या ओ३-मिनी या मॉडेलमध्ये विचाराच्या कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पातळ्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड ३.७ सॉनेटमध्ये विचारासाठी कमाल किती टोकन, हे आकड्यातच सांगता येत होते आणि तो आकडा १,०२४च्या खाली नेता येत नव्हता. गूगलच्या जेमिनी २.५ फ्लॅशमध्ये ही मर्यादा शून्यापासून २४,५७६पर्यंत ठेवता येत होती. याच सुमारास स्टॅनफर्डमधील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस१’ या मॉडेलवर वेगळाच उपाय केला. मर्यादा भरली की ‘विचार संपला’ अशी खूण सक्तीने घालून त्याच्याकडून उत्तर काढून घ्यायचे आणि मॉडेल फार लवकर आटोपू लागले तर ती खूण अडवून पुढे ‘वेट’ (थांब) एवढा एकच शब्द जोडायचा. त्या एका शब्दावर मॉडेल आपले काम पुन्हा तपासू लागते आणि कधीकधी चूक दुरुस्तही करते, हे मला अजूनही थोडे गमतीचे वाटते.

या मर्यादेने उत्तराच्या दर्जात किती फरक पडतो, ते ओपनएआयनेच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत दिसते. अमेरिकेतील ‘एआयएमई’ या गणित परीक्षेच्या २०२४च्या प्रश्नांवर ओ३-मिनीला कमी पातळीवर ६० टक्के, तर जास्त पातळीवर ८७.३ टक्के गुण मिळाले. परीक्षा अवघ्या ३० प्रश्नांची आहे, तेव्हा दशांश चिन्हापुढच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये, पण सुमारे आठ प्रश्नांचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मॉडेल तेच, नाव तेच; बदलली ती फक्त पातळी. याचा अर्थ असा की सादरीकरणाच्या दिवशी जास्त पातळी आणि प्रत्यक्ष सेवेत कमी पातळी ठेवून एखादा कंत्राटदार कागदोपत्री अगदी खरे बोलू शकतो. तसे करण्याचा मोहही मोठा आहे. जेमिनी २.५ फ्लॅश एप्रिल २०२५ मध्ये चाचणीसाठी खुले झाले, तेव्हा दहा लाख टोकनांच्या उत्तराचा दर विचाराविना ०.६० डॉलर, तर विचारासह ३.५० डॉलर होता. ठरावीक रकमेचे कंत्राट घेतलेल्याने यातला कोणता पर्याय निवडावा, हे सांगायला नको.

याचा अर्थ सगळीकडे जास्तीत जास्त विचार करू द्यावा, असा नाही. दोन अधिक तीन किती, यासारख्या प्रश्नावरही ही मॉडेल्स पानभर घोळ घालतात, हे डिसेंबर २०२४ मधील एका शोधनिबंधाने दाखवले. काही प्रकारच्या प्रश्नांत विचार लांबल्याने अचूकता घटते, असे अँथ्रॉपिकच्या संशोधकांसह काहींनी जुलै २०२५ मध्ये मांडले. कृषी कार्यालय किती वाजता उघडते, याला विचार लागतच नाही. काटोलच्या संत्रा बागायतदाराने आंबिया बहाराचा ताण, म्हणजे फुले यावीत म्हणून बंद ठेवलेले पाणी, कधी तोडावा असे विचारले, तर मात्र जमीन भारी की हलकी, झाडांचे वय किती, ताण किती दिवस दिला, थंडी केव्हा ओसरते, हे सारे एकत्र जुळवावे लागते आणि तेथे विचार मध्येच तोडला तर आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे उत्तर हाती पडण्याचा धोका वाढतो.

मराठीची अडचण आणखी निराळी आहे. त्याच आशयासाठी देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा साधारणपणे अधिक टोकन लागतात. मराठीत प्रश्न विचारला तरी ही मॉडेल्स पुष्कळदा इंग्रजीत विचार करतात, म्हणून हा फरक लगेच जाणवत नाही. पण उद्या अधिकाऱ्यांना तपासता यावे यासाठी विचारही मराठीत करायला लावला, तर इंग्रजीसाठी बेतलेली मर्यादा अपुरी पडेल.

म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या लोकप्रतिनिधींनी हा विषय सभागृहात मांडावा, अशी विनंती आहे. निविदेत कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला कोणती पातळी, हे नमूद असावे. स्वीकृतीची चाचणी मराठी प्रश्नांवर आणि सेवेत राहणार असलेल्या पातळीवरच व्हावी. पुढे ती बदलल्यास संबंधित विभागाची लेखी परवानगी लागावी आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्या वेळची पातळी नोंदली जावी. मर्यादा संपल्यामुळे विचार अर्धवट राहिला असेल, तर तसे उत्तराखाली मराठीत छापणेही कंत्राटदारावर बंधनकारक असावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित प्राध्यापक,
धरमपेठ, नागपूर