रावेरचा इतिहास २००९ पासूनच

महोदय,

रावेरच्या जुन्या खासदारांच्या याद्या हल्ली बऱ्याच फिरतात. पण २००९ पूर्वी रावेर नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता! २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत एरंडोल लोकसभा मतदारसंघ गेला, रावेर आला. एरंडोल आता जळगाव लोकसभेतला विधानसभा मतदारसंघ आहे. गल्लत होते ती इथेच. हरिभाऊ जावळे २००७ च्या पोटनिवडणुकीत जळगावचे खासदार झाले, २००९ ला रावेरचे. यादी करताना एकाच माणसामुळे दोन मतदारसंघ एक होऊन बसतात.

धुळ्याची गुंतागुंत त्याहून जास्त. तिथली अनुसूचित जमातीची राखीव जागा खुली झाली. मालेगाव लोकसभा रद्द होऊन मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे नाशिक जिल्ह्यातले भाग धुळ्यात आले. साक्री, शिरपूर मात्र धुळे जिल्ह्यात असूनही नंदुरबार लोकसभेत. त्यामुळे २००४ चे मताधिक्य २०१४ शी ताडून बघण्यात अर्थ नाही. २०२४ ला धुळ्यातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मालेगाव मध्यमधले त्यांचे मताधिक्य बाजूला काढा, निकाल उलटतो. आकडे विधानसभानिहायच छापावेत, ही विनंती.

एक वाचक, एरंडोल