लसीची मुदत आणि वाडीची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी उठवली आणि लोकांनी तो विषय मिटवून टाकला. पण कोल्हापूर जिल्ह्यात चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने आणि राधानगरी अभयारण्याच्या परिसरात ज्या वाड्या, जे धनगरवाडे आहेत, तिथे लस पोचवताना २०२१ साली जे अडले ते आजही तसेच अडते. फरक एवढाच की आता ती लस गोवर-रुबेलाची असते, नाहीतर कुत्रे चावल्यावरची. पुढची साथ दारात येईपर्यंत थांबू नये. प्रत्येक वाडीचा लसीकरणाचा आराखडा आत्ताच कागदावर यावा, यासाठी हे पत्र.

चांदोली उद्यान ३१७.६७ चौ. किमी.चे. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत ते पसरले आहे. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. गाभ्यातली बहुतेक गावे उठली, कडेच्या वाड्या राहिल्या. त्यातल्या एखाद्या वाडीचे रेशनकार्ड एका तालुक्यात, पायवाटेने जवळ पडणारे आरोग्य केंद्र दुसऱ्या तालुक्यात आणि वाटेवरचा नाका वनखात्याचा, असा प्रकार असतो. लसीच्या यादीत अशा वाडीचे नाव दोन्हीकडे नसते किंवा दोन्हीकडे असते. दोन्हीकडे असले तर जास्त वाईट, कारण दोघांनाही वाटते की दुसऱ्याने काम केले.

कोविडच्या लसीचे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. १३ मे रोजी कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे करण्यात आले. ज्याने १ एप्रिललाच पहिला डोस घेतला, त्याचे बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस, २४ जूनला भरले आणि सोळा आठवडे २२ जुलैला. अंतर वाढवण्यामागे शास्त्रीय कारण होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण २४ जून ते २२ जुलै म्हणजे डोंगरात ओढे भरलेले, पायवाटा निसरड्या, लाल डब्याची गाडी बंद, आणि त्या वर्षी तर जुलैच्या चौथ्या आठवड्यात जिल्हाभर महापूर. दुसऱ्या डोसची तारीख मोजताना पावसाचा हिशेब कुणी केला नाही. पहिला डोस देतानाच तारीख पुढे मोजून ती पावसात पडते का ते पाहायला हवे. पडत असेल तर दुसऱ्या डोसची जागा, वाट आणि माणसे त्याच दिवशी ठरवायला हवीत. लहान मुलांच्या लसीलाही हेच लागू. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने भर पावसातच भरतात.

आता वॉयलचा, म्हणजे लसीच्या छोट्या बाटलीचा हिशेब. खरी अडचण इथे आहे. कोविशिल्डच्या वॉयलमध्ये दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिली. पहिली सुई आत गेली की चार तासांत वॉयल संपवायची, उरेल ते टाकायचे. बीसीजी (क्षयरोगावरची लस) आणि गोवर-रुबेलाची पूड द्रावकात मिसळली की तिलाही हीच चार तासांची मुदत. पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), आयपीव्ही (पोलिओची टोचायची) यांची फोडलेली वॉयल मात्र अटी पाळल्या तर २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येते. वाडीत दोनच बाळे असतील तर सिस्टरचा हात अडखळतो. दोघांसाठी अख्खी वॉयल फोडली तर वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जाईल, ही भीती. म्हणून आईला सांगितले जाते, "पुढच्या वेळी या." ती पुढची वेळ कधी कधी येतच नाही. डोंगरी वाड्यांसाठी वाया जाणाऱ्या डोसांची मुभा लेखी द्यावी. तोंडी सूचनेवर कुणी वॉयल फोडत नाही. आणि चार तास धरायचे ते पहिल्या सुईपासून किंवा द्रावक मिसळल्यापासून, आरोग्य केंद्रातून निघाल्यापासून नव्हे. हा गोंधळ अजूनही होतो, म्हणून वॉयलवर पेनाने वेळ लिहायची सवय मोडू नये. दोन वाड्यांमध्ये अर्ध्या-पाऊण तासाची चाल असेल तर पहिल्या वाडीत फोडलेली वॉयल दुसऱ्या वाडीत आरामात संपते.

लस बिघडते ती उन्हाने, असे सगळे धरून चालतात. डोंगरातल्या सत्रात ती थंडीनेही बिघडते. पहाटे पाचला निघायचे म्हणून डीप फ्रीजरमधले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, टाकले जातात. टणक गोठलेल्या पॅकला टेकून असलेली पेंटाव्हॅलेंट किंवा टीडी आतून गोठते आणि वाडीत पोचेपर्यंत पुन्हा पातळ होते. वरून काहीच कळत नाही, पण ती निकामी झालेली असते. उपाय साधा आहे. चारही आइसपॅक बाहेर काढून ठेवायचे आणि कानाशी हलवून पाहायचे. आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये बसवायचे. मे महिन्यात हे लवकर होते, डिसेंबरच्या पहाटे तास-दीड तासही लागू शकतो, म्हणून पाचला निघायचे तर पॅक साडेतीनला बाहेर हवेत. वॉयल झिपच्या पिशवीत ठेवाव्यात, कारण पॅक घामेजतात, कॅरिअरच्या तळाशी पाणी साचते आणि ज्या वॉयलचे रबरी बूच त्या पाण्यात बुडाले ती पुन्हा वापरता येत नाही. गोवर-रुबेलाचे द्रावक आदल्या दिवशीच आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये (लसी ठेवायच्या फ्रीजमध्ये) ठेवायचे. उबदार द्रावक मिसळले की लस तिथल्या तिथे मरते. द्रावक त्याच कंपनीचे, त्याच लसीचे हवे, यात तडजोड नाही.

वाडीची वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पथक बहुतेकदा आरोग्य केंद्रातून नऊला निघते, गाडीरस्ता संपतो तिथून चालत साडेअकराला वाडीत पोचते. तोवर धारा काढून म्हशी रानात सुटलेल्या असतात आणि त्यांच्यामागे घरातली कर्ती माणसेही. वाडीत राहतात म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे. मग अहवालात "लाभार्थी अनुपस्थित" असे येते. लाभार्थी अनुपस्थित नसतो, आपण उशिरा पोचलेलो असतो. संध्याकाळी जनावरांबरोबर माणसे परततात, पण त्या वेळी खाली उतरणाऱ्या पथकाच्या वाटेवर गवे असतात, अस्वलाचीही भीती असते. म्हणून सत्र सकाळी सातला वाडीतच सुरू व्हायला हवे, आणि त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवा. वनखात्याच्या संरक्षण कुट्या जंगलात आहेतच. आरोग्य पथकाला सत्राच्या आदल्या रात्री तिथे राहता येईल, असे एक संयुक्त पत्र निघाले तरी अर्धे काम झाले. रात्रीसाठी कॅरिअर पुरत नाही. लहान कोल्ड बॉक्समध्ये बर्फ नीट भरला आणि झाकण उघडले नाही तर रात्र निर्धास्त निघते. सकाळी त्यातून लागतील तेवढ्याच वॉयल कॅरिअरमध्ये घ्यायच्या.

वर्षातले दिवसही वाडीच्या हिशेबाने निवडावेत. शिमग्याला आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबई-पुण्याला गेलेली माणसे घरी असतात आणि वाटा कोरड्या असतात. दिवाळीनंतर ओढे उतरतात. या तीन वेळा पक्क्या धराव्यात, बाकीची सत्रे त्यांच्या मध्ये बसवावीत.

लस टोचल्यावर अर्धा तास माणसाला बसवून ठेवायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. डोंगरात त्यापुढचा विचार हवा. गंभीर अ‍ॅलर्जी आली तर तिथे १०८ची गाडी पोचत नाही. म्हणून किटमध्ये अ‍ॅड्रिनलिन आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहायचे. मोठ्या माणसाला १:१००० चे अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. शेवटचा डोस दिल्यावर पथकाने तासभर तरी वाडी सोडू नये, आणि डोली उचलायला चार माणसे हाताशी असावीत. गंभीर अ‍ॅलर्जी क्वचितच होते. ताप आणि हात दुखणे मात्र नेहमीचे. हे आधी सांगितले नाही तर काय होते ते २०२१ मध्ये दिसले. पहिल्या वाडीत चार जणांना ताप आला, दोन दिवस म्हशी गोठ्यात राहिल्या, आणि ही बातमी पथकाच्या आधी पुढच्या वाडीत पोचली. तिथली दारे बंद. "एक-दोन दिवस अंग तापेल, पॅरासिटामॉल घ्या, जनावरांकडे बघायला शेजाऱ्याला सांगून ठेवा," एवढे आदल्या दिवशी बोलले असते तर दारे उघडी राहिली असती. एका घरातल्या सगळ्या कर्त्या माणसांना एकाच दिवशी डोस देऊ नये, हेही त्यातूनच शिकायचे.

माहितीचे दुसरे अंग मोबाइलचे. कोविनवर नोंदणीला ओटीपी लागायचा आणि वाडीत रेंज नव्हती. नोंदणी व्हायची ती खालच्या गावातल्या कुणाच्या तरी नंबरवर. दुसऱ्या डोसला नंबर वेगळा दिला गेला की प्रणालीला तो नवा माणूस वाटायचा आणि प्रमाणपत्रावर दोनदा पहिला डोस. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस देता येते, अशी कार्यपद्धती केंद्राने मे २०२१ मध्येच काढली होती, पण ती वाडीपर्यंत कुणी सांगितली नाही. आता प्रत्येक वाडीत अंगणवाडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर एक काळा फळा असावा. त्यावर तीनच ओळी: कोणती लस आणि कुणाला; कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या अंगणात; काही विचारायचे तर आशाताईंचे नाव. तो बदलत राहायला हवा. गेल्या वर्षीची तारीख लिहिलेला फळा लोकांचा विश्वास घालवतो. निरोप पोचवायला वनरक्षक आणि वनमजूर आहेत. ते बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या वनक्षेत्रात, रोज चालतात, त्यांच्याकडे बिनतारी संच असतो. सत्र रद्द झाले तर तेही कळवलेच पाहिजे. एकदा रोजगार बुडवून बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसत नाही.

जंगलाच्या कडेला माणसाची लस आणि जनावराची लस वेगळी काढता येत नाही. लाळ-खुरकताची लस वर्षातून दोनदा देतात. जनावरांचे डॉक्टर येणार म्हटले की वाडीत सगळ्या म्हशी आणि त्यांच्याबरोबर सगळी माणसे जमतात. त्याच सकाळी आरोग्य पथकही तिथे असावे. फक्त दोन्ही लसी एका कॅरिअरमध्ये नेऊ नयेत. कुत्र्यांना रेबीजची लस दिली तर माणूस आणि वन्यप्राणी दोघेही वाचतात. २०१८ मध्ये गीरला वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूजन्य रोग सापडला होता. आपल्याकडेही वाडीतली कुत्री आणि बिबट्या एकाच पाणवठ्यावर येतात.

कुत्रे चावले किंवा अस्वलाने ओरबाडले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. चुना, हळद, तिखट काही लावायचे नाही. वन्यप्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीतलाच धरतात, म्हणून रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडे) हवे. कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी; ० म्हणजे पहिल्या सुईचा दिवस. वाडीतली माणसे बहुधा सातव्या दिवसानंतर गळतात, कारण जखम भरलेली असते. अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख कार्डाबरोबर वनरक्षकाच्या वहीतही लिहावी. गुराखी आणि वनमजुरांना तर चावण्याआधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी ही लस देऊन ठेवता येते.

चंदगड आणि आजऱ्याकडच्या वाड्यांसाठी माकडतापाचे सांगणे आवश्यक आहे. शेजारच्या दोडामार्ग भागात तो येऊन गेला आहे. गोचिडीतून पसरतो, डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. त्यावरची जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने तिचा वापर थांबला आहे, त्यामुळे लसीच्या भरवशावर राहू नये. रानात जाताना अंगभर कपडे आणि गोचीड दूर ठेवणारे डीएमपी किंवा डेपा तेल, आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता वनखात्याला निरोप. तापाच्या रुग्णाने आरोग्य केंद्रात "मी रानातून आलो" हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, पशुसंवर्धन आणि वनविभाग यांनी मिळून शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांतल्या जंगलकडेच्या वाड्यांची एकच यादी करावी. यादीत वाडीपुढे सहा गोष्टी असाव्यात: जबाबदार आरोग्य केंद्र एकच, गाडीरस्ता संपल्यावर पायी किती वेळ, पावसात वाट कोणत्या महिन्यांत बंद, मुक्कामाची कुटी, निरोप नेणारा वनरक्षक, आणि जनावरे रानात कधी सुटतात ती वेळ. हे काम मे संपायच्या आत व्हावे, कारण जूनमध्ये वाटा बंद होतील आणि यादी तपासायला वर कुणी जाऊ शकणार नाही.

आपले,
ग्रामीण लसीकरणाच्या कामातून निवृत्त झालेले काही आरोग्य कर्मचारी,
जि. कोल्हापूर