ओळख आहे का तुमची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढी जवळ आली की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. आम्ही पंढरपूरचे, प्रदक्षिणा मार्गावर बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्ताशांचं छोटं दुकान आहे, देवळाशी संबंध म्हणाल तर सकाळी शटर उघडताना कळसाला हात जोडतो एवढाच. पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं पंढरपुरात राहतो म्हणजे विठोबा आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहतोय. परवा मेव्हण्याच्या साडूचा फोन (हे गृहस्थ माझ्या मुलीच्या लग्नालासुद्धा आले नव्हते), "दादा, आम्ही पाच जण येतोय, दोन तासात उरकून पुढे अक्कलकोट करायचंय, तुमची आत ओळख असेलच ना?" म्हणलं आहे की, खुद्द विठोबाशी आहे, पण तोपण मला बारीतनंच, म्हणजे दर्शनाच्या रांगेतनंच, बोलावतो. त्यांना जोक कळलाच नाही. "मग नगरसेवक वगैरे कुणी?"

अहो दोन तासच असतील तर मुखदर्शनाची रांग आहे की! थोडं लांबून, पण समोर उभं राहून डोळे भरून बघता येतं आणि एरवीच्या दिवशी फार वेळही लागत नाही. पण नाही, यांना पायावर डोकंच ठेवायचंय, आणि तेही रांगेत न थांबता. पदस्पर्शाला वेळ लागतो कारण गाभारा एवढासा आणि एकेकानेच पुढं जाऊन डोकं टेकवायचं असतं, त्याला कोण काय करणार. गर्दीच्या दिवसात बारी पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. आषाढीला तर देवाचा पलंग काढतात, म्हणजे देवाला झोपच नाही, मागे लोड देऊन रात्रंदिवस उभाच, चोवीस तास दर्शन चालू, तरी लाखो वारकऱ्यांना आत जायला मिळत नाही. ते चंद्रभागेत अंघोळ करतात, नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळस बघतात आणि एसटी पकडतात. वीस वीस दिवस चालत आलेला माणूस कळसावर समाधान मानतो आणि एसी गाडीतनं आलेल्याला ओळख लागते.

बरं बारीत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे असं कुणी सांगितलं? मागच्या कार्तिकीनंतर मंडळींचा नवस होता म्हणून मी स्वतः सहा तास उभा होतो, गावातला असून. पुढं परभणीकडची एक म्हातारी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, तिनं सहा तासात दोन्ही सुना, गाभण म्हैस, सोयाबीनचा भाव सगळं सांगितलं, अर्ध्या शेंगा मला चारल्या, आणि मी लघवीला गेलो तेव्हा माझी जागा अशी राखली की मागच्या चार पोरांना पुढं सरकू दिलं नाही. मग गरुडखांबाला मिठी मारली आणि तिथनं पुढं मात्र एक शब्द बोलली नाही. पायावर डोकं टेकवून एवढंच म्हणाली, "आले होते रे बाबा, जाते आता." झालं तिचं दर्शन. मी मागं उभा, मला काय मागायचं होतं तेच विसरलो, बायकोनं विचारलं नवस बोललात का, तर हो म्हणून थाप मारली.

२०२४ ला देवळाचं जतनाचं काम काढलं तेव्हा मार्च ते जूनच्या सुरवातीपर्यंत पदस्पर्श बंद होतं, सगळ्यांना फक्त मुखदर्शन. तेव्हासुद्धा फोन यायचे की आमच्यापुरतं काही होईल का! पायांची झीज होते म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो, आणि यांचं आपलं आमच्यापुरतं.

आणि एक सांगतो, राग आला तर येऊद्या. नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. जन्मभर त्यांना आत घेतलं नाही. पुढं १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी इथंच तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले तेव्हा कुठे अस्पृश्यांसाठी देवळाचं दार उघडलं. त्याच समाधीपाशी उभं राहून "आपल्याला वेगळ्या दाराने नाही का जाता येणार" असं लोक फोनवर बोलतात, मी कानाने ऐकलंय.

तरी तुमच्या पेपरमधून समस्त पाहुणेमंडळींना कळवतो की जरूर या. चपला आमच्या दुकानात ठेवा, पैसे नाहीत. चहा घ्या, घरी जेवायला या, पिठलं-भाकरी आणि ठेचा असेल, एकादशी असली तर भगर. आणि ओळखच वापरायची असेल तर बारीचं शेवटचं टोक आज कुठपर्यंत गेलंय ते मी स्वतः गाडीवर बसवून दाखवून आणीन.

आपला,
प्रदक्षिणा मार्गावरचा एक दुकानदार, पंढरपूर